पोलीस भरतीची मैदानी चाचणी : गोळ्याकडे दुर्लक्ष नको

पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या १६०० मीटर व महिलांच्या ८०० मीटर धावेला २०, तर १०० मीटर धाव आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण असतात. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणारे पुष्कळ दिसतात. गोळा हाती घेणारे मात्र विरळाच, आणि गुण नेमके तिथेच निसटतात. पुरुषांचा ७.२६० किलोचा गोळा तळहातात न रुतवता बोटांच्या मुळांशी धरून मानेला टेकवावा, गुडघे वाकवून पायांतला जोर कमरेतून खांद्यापर्यंत आणावा आणि कोपर खाली पडू न देता तो पुढे ढकलावा. चेंडूसारखा भिरकावल्यास खांदा हमखास दुखावतो. लांब धावेचा सराव आठवड्यातून तीनदा पुरे, मात्र पहिल्या फेरीत दम राखावा. चाचणीच्या दिवशी कोरे बूट घालू नयेत.