भर उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्या कशा जगवाव्यात

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान एरवीच 41 अंशांच्या आसपास असतं. हवेचा पारा त्याच्या जवळ गेला की अंगातली उष्णता बाहेर टाकायला एकच खात्रीची वाट उरते, ती म्हणजे धापा टाकणं. पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून कोंबडी धापा टाकू लागली की तिला उकडतंय. मान टाकून, डोळे मिटून एका कोपऱ्यात बसली की मात्र हातात मिनिटंच आहेत.

अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून तयारी फेब्रुवारीतच करावी. मानमोडीची (राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची) लसही तेव्हाच टोचून घ्यावी. मे महिन्यात कोंबड्या पकडून टोचायच्या म्हणजे आधीच तापलेल्या पाखरांना आणखी पळवायचं. पकडणं अगदी अटळ असेल तर पहाटे पकडा. लस मिळाल्यापासून वापरेपर्यंत बर्फात ठेवा. गरम झालेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच.

दहा कोंबड्यांसाठी 4 फूट बाय 5 फूट खुराडं पुरतं, म्हणजे प्रत्येकीला 2 चौरस फूट. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मुख्यतः आखूड बाजूंवर पडतं. भिंत खाली दीड फूट, वर अर्ध्या इंचाची जाळी. मोठ्या भोकांतून मुंगूस आत येतं. छपराचा पुढे आलेला भाग अडीच-तीन फूट हवा.

खरा शत्रू पत्रा. दुपारी तो तापतोच, पण रात्री आठ-नऊलाही खाली उष्णता सोडत असतो, आणि नेमकं तेव्हाच चोराच्या नि मांजराच्या भीतीनं खुराडं चारी बाजूंनी गच्च बंद केलेलं असतं. उन्हाळ्यात सकाळी मेलेली कोंबडी सापडली तर आधी रोगाचा संशय घेतात, पण बरेचदा ती रात्री गुदमरलेली असते. पत्र्यावर बाहेरून दाट चुना द्या आणि त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या टाकून वर उसाचं पाचट अर्धा फूट पसरा. काड्यांमुळे पाचट आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळते. चूल, विडी, शेकोटी यांपासून मात्र हे छप्पर लांब हवं. जमिनीवरचा तूस हिवाळ्यात चार इंच असेल तर आता दोन इंचांवर आणा, कारण जाड तूस कुजताना स्वतःच तापतो.

ओलं गोणपाट लावायचं ते वाऱ्याच्या बाजूला, तेही एकाच किंवा दोन बाजूंना. चारी बाजू झाकल्या की आत दमटपणा साचतो आणि धापा टाकून काही उपयोग होत नाही, कारण धापेतून पाणी उडून गेलं तरच अंग थंड होतं. म्हणूनच विदर्भातला उपाय कोकणात किंवा गोव्यात तसाच उचलू नये. तिथे हवा आधीच ओली असते. तिकडे गोणपाट भिजवण्यापेक्षा जाळी मोकळी ठेवा आणि एक पंखा कोंबड्यांच्या उंचीवर लावा.

एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, मे महिन्यात दुप्पट. दहा कोंबड्यांना 5 लिटर धरा. मातीची पसरट भांडी घ्या, आणि एक मोठं ठेवण्यापेक्षा तीन लहान वेगवेगळ्या सावलीत ठेवा. एकाच भांड्यापाशी दांडगी कोंबडी बाकीच्यांना हुसकावते आणि कमजोर तहानलेली राहते. उन्हातल्या नळीतून आलेलं कढत पाणी त्या पीत नाहीत. अकरा, एक आणि तीन वाजता पाणी बदला.

दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी सर्वात जास्त असते. सकाळी दहाला दाणा टाकला तर ही उष्णता नेमकी दुपारच्या रखरखाटात भर घालते. म्हणून अर्धा दाणा उजाडताच, उरलेला सहानंतर. दिवसभर चरणाऱ्या कोंबडीला वरून 50-60 ग्रॅम पुरतो. दुपारी फार तर कलिंगडाच्या साली, शेवग्याचा पाला किंवा अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक वनस्पती) द्या.

अंड्याचं कवच पातळ पडतं त्याचं कारणही धापाच. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवा, कारण कवच मुख्यतः रात्री बनतं. दर किलो खाद्यात 2 ते 3 ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळला तर मदत होते. मिठाचं पाणी अंदाजानं देऊ नका. कोंबडीला जास्त मीठ विषासारखं बाधतं. उन्हाळ्यातला कांदा हाही माणसाचा उपाय. जास्त कांद्यानं कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

खुडूक कोंबडी एप्रिल-मे महिन्यात अंड्यांवर बसवू नये, बसवायचीच तर ताज्या अंड्यांवर. घरात पारा तिशीपार असताना साठवलेल्या फलित अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. अंडी माठाखालच्या ओल्या वाळूजवळ, पण कोरडी ठेवा.

कोंबडी आडवी पडलीच तर लगेच सावलीत न्या. साध्या पाण्याच्या बादलीत मानेपर्यंतचं अंग एक-दोन मिनिटं बुडवा आणि तुरा ओला करा. बर्फाचं पाणी वापरू नका, त्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आतच अडकते. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मान सावरून ती स्वतः चोच बुडवेपर्यंत वारा घालत राहा, आणि त्या दिवशी तिला कळपात सोडू नका. बाकीच्या तिला टोचतात.