गहू सोसत नाही असा संशय आहे? आधी टेस्ट, मग पोळी बंद

इंदूरात राहून गहू सोडणं काय असतं ते बाहेरच्यांना नाही कळायचं. सकाळी पोह्यांबरोबर जलेबी, संध्याकाळी कचोरी, रविवारी कोणाकडे तरी दाल-बाफले, आणि घरी दोन्ही वेळेला पोळी तर आहेच, वर यंदा वर्षाचा गहू शरबती भरायचा की लोकवन यावर आठवडाभर चर्चा. अशा गावात तुम्ही म्हणालात की पोळी खाल्ली की पोट फुगतं, तर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'काही नसतं हो ते, नवीन फॅशन आहे'. दुसरा, 'उद्यापासून गहू बंद कर, आमच्या जाऊबाईंना आठ दिवसांत फरक पडला'. दोन्ही चूक, आणि दुसऱ्याने नुकसान जास्त होतं.

कारण गहू बंद केला की टेस्टच बिघडते. गव्हाच्या त्रासात सगळ्यात आधी बघायचा आजार म्हणजे सेलिएक, ज्यात गव्हातल्या ग्लूटेन या प्रोटीनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. त्याची पहिली टेस्ट म्हणजे रक्तातली टीटीजी-आयजीए. ती ज्या अँटीबॉडी शोधते त्या ग्लूटेन पोटात जात असेल तरच टिकतात, गहू सोडला की हळूहळू कमी होतात, आतडंही भरून यायला लागतं, मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि तुम्ही आयुष्यभर 'मला आहे की नाही' यात लटकता. मग डॉक्टर सांगतात की परत गहू सुरू करा, दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणात, किमान सहा आठवडे, आणि मग या. ज्याला खरंच त्रास होतो त्याला हे सहा आठवडे शिक्षाच आहे, म्हणून म्हणते, आधीच करून टाका.

टीटीजीबरोबर टोटल आयजीए (आयजीए हा अँटीबॉडीचाच एक प्रकार) पण करायला सांगा, काही लोकांचं आयजीए मुळातच कमी असतं आणि त्यांची टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. टीटीजी पॉझिटिव्ह आली तर पुढे पोटाचे डॉक्टर एंडोस्कोपी करून आतड्याचे छोटे तुकडे तपासतात, तोपर्यंतही पोळी चालूच ठेवायची. आणि ज्यांनी आधीच गहू सोडलाय, परत सुरू करायची हिंमत नाही, त्यांनी डॉक्टरांना एचएलए डीक्यू२-डीक्यू८ या जीन टेस्टबद्दल विचारा, तिला गहू खाण्या-न खाण्याने फरक पडत नाही. दोन्ही नसतील तर सेलिएक जवळपास नाहीच, पण असले म्हणजे आजार आहे असं मात्र नाही, बऱ्याच निरोगी लोकांतही ते असतात. गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, वजन उतरतंय, मुलाची उंची वाढत नाहीये, असं काही असेल तर पोट दुखत नसलं तरी ही टेस्ट करा. सेलिएक निघालं तर आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही करून घ्यायची.

गहू खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा दम लागतो, तर ती वेगळी गोष्ट, ती अ‍ॅलर्जी, तिथे घरी काहीही करून बघायचं नाही, सरळ डॉक्टर.

दोनशे पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' टेस्ट विकणारे आहेत, रक्त घेतात आणि लाल-हिरव्या रंगांची लांबलचक यादी देतात. ती बहुतेक आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीची टेस्ट असते, आणि आयजीजी एवढंच सांगतं की हा पदार्थ तुम्ही खात असता. त्या पैशात महिन्याचा किराणा येतो, किराणाच आणा.

समजा सगळं निगेटिव्ह आलं आणि त्रास तर होतोय. आता गहू सोडून बघायचा, सहा आठवडे. इथे माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली, कारण पोळी, रवा, मैदा, दलिया, शेवया बंद करणं सोपं असतं, ते दिसतं तरी. न दिसणारा गहू छळतो.

पहिला हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो, बांधणीचा असतो, म्हणजे त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ खूपदा गव्हाचं किंवा मैद्याचं. वरण, भाजी, कढी, ताकाची फोडणी, आपल्या घरात हिंग कशात नाही ते सांगा. डबी उलटी करून बारीक अक्षरात वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, नाहीतर सहा आठवडे जिऱ्या-मोहरीवर भागवा. मग मेतकूट, त्यात बऱ्याच घरी गहू भाजून घालतात. थालीपिठाची भाजणी, तेच. सातूचं पीठ, तेच. सोया सॉस, तेच. मल्टीग्रेन आटा म्हणजे गव्हाच्या पिठात बाकीच्या धान्यांची चिमूट. खपली घ्या, त्याने त्रास नाही होत असं सांगणारे भेटतील, शरबतीत कमी असतं म्हणणारेही भेटतील, दोन्ही गहूच आहेत आणि दोन्हीत ग्लूटेन आहे. आणि दुकानात जौचं आणि ज्वारीचं पीठ एकाच फळीवर असतं, घाईत पाकीट बदलतं, जौ म्हणजे जव, त्यातही ग्लूटेन असतं.

दुसरी चक्की. तुम्ही पाच किलो ज्वारी घेऊन जाता, तुमच्या आधी कोणाचा तरी गहू दळून झालेला असतो, चक्कीवाले भैया डबा लावतात आणि तुमच्या ज्वारीबरोबर आधीचं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतं. पहिली ओंजळ बघा, रंगच वेगळा दिसतो, पांढऱ्या पिठात पिवळसर छटा असते. सकाळी चक्की उघडताच जाऊन फायदा नाही, आदल्या रात्रीचा गहू आत असतोच. भैयांना आधी थोडे तांदूळ दळून ते पीठ वेगळं काढायला सांगा, ते कुरकुरतील, पण करतात. सेलिएक असेल तर मात्र हेही चालायचं नाही, घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणा जाऊ देऊ नका, किंवा ग्लूटेन फ्री लिहिलेलं पाकीट आणा, आपल्याकडे ते लिहायचं तर एका किलोत 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

या सहा आठवड्यांत बाकी काही बदलू नका. दूध बंद, कांदा बंद, रोज पाच किलोमीटर चालणं सुरू, असं सगळं एकदम केलं तर बरं कशाने वाटलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रोज रात्री एक ओळ लिहा, काय खाल्लं आणि पोट कसं होतं.

आता खरी गोम. सहा आठवड्यांनी बहुतेक सगळ्यांनाच बरं वाटतं, आणि लोक तिथेच थांबतात, 'बघा, गहूच होता' म्हणून जाहीर करून मोकळे. अहो, गहू सोडला म्हणजे तुम्ही कचोरी सोडली, जलेबी सोडली, तुपात बुडवलेला बाफला सोडला, रात्री साडेअकराला सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन मालपुवा खाणं सोडलं. एवढं सोडल्यावर कोणाचंही पोट शांत होईल, त्यात गव्हाचा दोष किती आणि तळणाचा, रात्रीच्या खाण्याचा किती? गहू परत आणून बघितल्याशिवाय काहीही सिद्ध होत नाही. आणि परत आणायचा तो साध्या फुलक्याने, दिवसाला दोन-तीन, आठवडाभर. लोक काय करतात, सहा आठवडे संपले या आनंदात छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जातात, दोन कचोऱ्या खातात, पोट धरून बसतात आणि गव्हाला शिव्या देतात.

साध्या फुलक्यातही एक लोचा आहे. फुलका समोर दिसतो, आणि दिसला की निम्मं पोट भीतीनेच दुखतं. माझं तसंच व्हायला लागलं तेव्हा सासूबाईंनी यावर तोड काढली, आणि ती तुम्हीही करा, पण सेलिएक आणि अ‍ॅलर्जी दोन्ही नाही हे रिपोर्टवर आल्यावरच. त्या रोज एक जाड धिरडं करायच्या, ज्वारी-बेसनाचं, भरपूर धने-जिरे, तिखट, कोथिंबीर, कांदा-लसूण अजिबात नाही. एक आठवडा त्यात दोन फुलक्यांएवढी कणीक घातलेली, एक आठवडा नाही, मध्ये एक आठवडा नुसती भाकरी. कोणता आठवडा कशाचा ते त्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून कॅलेंडर स्वतःच्या कपाटात ठेवायच्या, आणि मला काहीही विचारलं तरी चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. मी फक्त पोटाची ओळ लिहायची. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. घरात गुपित ठेवू शकणारं माणूस हवं एवढी एकच अट, नवऱ्याला हे काम देऊ नका.

दोन्ही आठवडे सारखेच गेले तर गहू निर्दोष, दुसरं काहीतरी शोधा, दूध हा पहिला संशयित. कणकेच्या आठवड्यात त्रास झाला तरी लगेच ग्लूटेनवर शिक्का मारू नका. गव्हात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते जी आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ती खातात आणि गॅस करतात. 2018 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी, स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या आणि सेलिएक नसलेल्या 59 जणांना एकेक आठवडा न सांगता ग्लूटेनचे, फ्रुक्टनचे आणि साधे बार खायला दिले, तर जास्त त्रास फ्रुक्टनच्या बारने झाला. हेच फ्रुक्टन कांद्या-लसणात भरपूर असतं. म्हणून गव्हाबरोबर कांद्याची भजी आणि लसणाची चटणीही भोवत असेल तर तुमचा प्रश्न बहुतेक प्रमाणाचा आहे, एक फुलका चालेल, चार नाही चालणार, आणि हिंगातल्या चिमूटभर मैद्यासाठी जीव जाळायची गरज नाही. सेलिएकवाल्याला ही सूट नाही, त्याला कणभरसुद्धा नाही, आयुष्यभर नाही, पोळपाट-लाटणं आणि तवासुद्धा वेगळा.

रोजच्या जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका. भाकरी जमत नाही म्हणणाऱ्यांनी पाणी उकळतं घ्या आणि पीठ जेवढं लागेल तेवढंच मळा, बास. नाश्त्याला पोहे आहेतच. अडलं की उपवासाचं करा, मोरधन (म्हणजे भगर), साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, गहू नाही, हिंगही नाही, आपल्या आज्यांनी हा मेन्यू तयार करून ठेवलाय. सणाला उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, यात काय कमी आहे? सत्यनारायणाचा शिरा तेवढा हातात घेऊन घरी आणा आणि दुसऱ्याला द्या, तिथे वाद घालू नका. पोळीच्या बदल्यात नुसता भात मात्र रोज दोन्ही वेळेला नको, ज्वारी-बाजरी-मका आलटून पालटून ठेवा. ग्लूटेन फ्री बिस्किटांनी डबे भरू नका, साखर आणि तेलच असतं त्यात बहुतेक.

बाहेर खायचं तर भुट्ट्याचा कीस, पण फोडणीत हिंग असतो हे धरून चाला. जीरावनमध्येही, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्यातही असतो. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, छान, पण कढई बघा, त्याच तेलात कचोरी तळत असतील तर पुढच्या ठेल्यावर जा. फरियाली मिक्श्चर घेताना तेच विचारा. लग्नात बुफेच्या रांगेत उभं राहून 'यात मैदा आहे का' विचारू नका, वाढणाऱ्या पोराला माहीत नसतं आणि तो 'नहीं भिया' म्हणून मोकळा होतो. सरळ मागे आचाऱ्याकडे जा, ग्रेव्ही कशाने घट्ट केली ते त्यालाच विचारा, आणि निघायच्या आधी घरी एक भाकरी खाऊन जा.