निसवणीच्या वेळी रानभात उपटा

गणपती उठले की डबरा-भितरवारकडचा भात पोटरीतून निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर टाकायला लागतो. ग्वाल्हेरच्या ज्या मराठी घरांची शेती त्या बाजूला आहे, त्यांनी येत्या पंधरवड्यात एक काम मनावर घ्यावं. बांधावरून नजर टाकून परत न फिरता ओळींमधून चालावं आणि भातातलं परकं झाड, म्हणजे रानभात, मुळासकट काढावं.

तळ्याकाठी, नाल्यात उगवणारा देवभात आपल्याकडे पसई म्हणून ओळखला जातो. हरछठीच्या उपवासाला याच तांदळाला मान असतो. पाणथळीत तो असू द्या, मात्र पिकाचा भात त्याचा जवळचा नातलग आहे. दोघांचा संकर होतो, संकराला दाणेही धरतात आणि त्यातून शेतात रानभात माजतो. भातात चालणारी नेहमीची निवडक तणनाशकं त्याला मारत नाहीत, कारण तोही भातच.

रोप लहान असताना फरक कळत नाही, निसवल्यावर कळतो. झाड बहुधा उंच, लोंबी बाकीच्यांच्या आधी बाहेर, दाण्याला लांब कुसळ. पिकताना नुसता हात लावला तरी दाणे गळतात, आणि तूस काढलं तर आत बहुतेक वेळा लाल तांदूळ निघतो.

भात स्वतःच्याच परागावर फळतो, दुसऱ्या झाडाशी संकर साधारण शेकड्यात एकापेक्षाही कमी. पण एकरात लोंब्या लाखांनी असतात, तेव्हा तेवढाही पुष्कळ झाला. संकराची पहिली पिढी उंच, जोमदार म्हणून ओळखू येते. दुसऱ्या पिढीपासून गुण फुटतात: कोणी बुटकं, कोणी कुसळाविना, कोणी थेट तुमच्या वाणासारखं दिसणारं, तरीही दाणे गाळणारं. आपण उपटतो ती डोळ्यांत भरणारी झाडं, वाचतात ती पिकासारखी दिसणारी. म्हणून पहिल्याच वर्षी हात घालावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

जुन्या मध्य प्रांतात हा अनुभव येऊन गेला आहे. रानभात हिरवा म्हणून पीक जांभळ्या पानांचं लावलं, म्हणजे निंदणीत हिरवं ते तण. युक्ती उत्तम होती. पण काही हंगामांत संकरातून जांभळा रंग रानभातातही उतरला आणि ओळखीची खूणच गेली. पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठानं याच कामासाठी ‘श्यामला’ हा जांभळा वाण दिला. असा वाण लावणाऱ्यांनी तो दरवर्षी त्याच शेतात घेऊ नये.

हेच आता तणनाशकाबाबत जपायचं आहे. इमॅझेथापायर हे तणनाशक सहन करणारे पुसा बासमती 1979 आणि 1985 हे वाण 2021 मध्ये आले. पेरभातासाठी, म्हणजे लावणी न करता थेट पेरलेल्या भातासाठी, ते सोयीचे आहेत, मजुरी वाचते. अमेरिकेत असाच भात 2002 पासून पिकवला जाऊ लागला आणि काही वर्षांतच त्याच फवारणीतून वाचणारा रानभात दिसू लागला. तेव्हा या वाणाच्या शेतात फवारणीनंतर उरलेलं एकही भाताळ झाड फुलू देऊ नका, आणि पुढच्या वर्षी तिथं दुसरं पीक घ्या किंवा चिखलणी करून लावणीचा भात करा.

उपटलेली झाडं दाणे भरले नसतील तर जनावरांना घाला. दाणा भरला असेल तर लोंब्या पोत्यात भरून बाहेर नेऊन जाळा, बांधावर टाकू नका. ज्या तुकड्यात रानभात निघाला तिथलं बी घरी ठेवू नका, प्रमाणित बियाणं घ्या. गळलेले दाणे मातीत काही वर्षं जिवंत राहतात. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात पेरणीआधी शेत ओलवून तण उगवू द्यावं आणि वखरून मोडावं, जमल्यास दोनदा.

कापणीला हार्वेस्टर भाड्यानं आणत असाल तर तो शेतात शिरण्याआधी टाकी आणि चाळण्या समोर झाडून घ्या. रानभाताचा तुकडा असेल तर तो सगळ्यात शेवटी कापायला सांगा.