छोटे रोल करणाऱ्या नटीने स्वतःचा नाइटक्लब शो कसा बांधायचा

म्युझिकलमध्ये नेहमी हिरॉइनची मैत्रीण नाहीतर एका गाण्यापुरती एंट्री एवढंच मिळत असेल तर हे वाचा, खास करून न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडे ऑडिशन देत फिरणाऱ्या आपल्या मुलींनी. लीड मिळाली की मग स्वतःचा शो, म्हणजे क्लबमध्ये पियानोच्या साथीने एकटीने गाणी आणि किस्से, करू म्हणत थांबू नका. मी सगळ्यांना आधी ब्रॉडवेवरची (न्यू यॉर्कची मोठी नाट्यनगरी) नटी-गायिका एलेन स्ट्रिचकडे बघायला सांगते.

‘कॉल मी मॅडम’ या म्युझिकलमध्ये ती लीड करणाऱ्या एथेल मर्मनची अंडरस्टडी, म्हणजे ती आली नाही तर तिच्या जागी उभी राहणारी, होती आणि मर्मन काही आजारी पडायची नाही. त्याच काळात ‘पाल जोई’ हे दुसरं म्युझिकल न्यू यॉर्कबाहेर न्यू हेवन शहरात ट्रायआउटमध्ये होतं, म्हणजे ब्रॉडवेआधीचे प्रयोग, तर ही आधी मर्मनच्या थिएटरात हजेरी लावायची, बाई ठणठणीत आहेत ना बघायची आणि मग थेट न्यू हेवन गाठायची, कारण तिकडे तिची एंट्री उशिरा होती, रिपोर्टरचा रोल, एकच गाणं. १९५२ ला नाटक ब्रॉडवेवर आलं आणि त्या एका गाण्यावर तिने भाव खाल्ला. ही धावपळ तिने पन्नास वर्षांनी स्वतःच्या शोमध्ये किस्सा म्हणून सांगितली, लोक हसून बेजार!

म्हणून पहिलं काम, वही करा. कुठला रोल, विंगेत काय झालं, ऑडिशनला कोण काय म्हणालं, त्याच दिवशी लिहा. शोचं अर्धं मटेरियल तिथूनच येतं. २००१ चा तिचा शो बघा, वय ७६, अंगात पांढरा शर्ट, पायात काळे टाइट्स, स्टेजवर एक स्टूल, बस. गाण्यांइतकंच बोलणं. पण ते बोलणं ऐनवेळी सुचलेलं नव्हतं हं, बसून लिहिलेलं होतं. तुम्हीपण गाण्यांमधलं बोलणं लिहून काढा आणि घड्याळ लावून म्हणून बघा, तासाभराच्या शोमध्ये एखादा किस्सा लांबला की शेवटची दोन गाणी गेलीच समजा.

गाणी निवडताना हिरॉइनची गोड गाणी कितीही आवडत असली तरी आधी बाजूला ठेवा, तुमच्या आवाजाला आणि वयाला जे शोभतं ते घ्या. पियानिस्टला तुमच्याच पट्टीत लिहिलेले कागद द्या, कुठे थांबायचं, कुठे परत घ्यायचं ते पेनने खूण करून. आणि आवाज थकला की थांबा. ‘कंपनी’ या म्युझिकलच्या १९७० च्या रेकॉर्डिंगला रात्रभर टेक देऊनही स्ट्रिचचं गाणं जमेना, मग नंतर परत येऊन रेकॉर्ड झालेल्या ऑर्केस्ट्रावर ती गायली आणि काय गायली!

दारूबद्दल स्पष्ट सांगते. क्लबमध्ये कोणीतरी ग्लास पुढे करतंच, आणि भीती घालवायला एक घोट असं सुरू होतं. स्ट्रिचचं तसंच झालं, त्यातून बाहेर यायला तिला वर्षं लागली, तिने हे स्टेजवर उघड सांगितलंय. शोआधी फक्त पाणी.

शेवटचं क्लबवाल्याशी बोलायचं. कव्हर चार्ज (प्रेक्षकाने आत यायला द्यायचे पैसे) किती, त्यातला तुमचा वाटा किती, पियानिस्टचे पैसे कोण देणार, सगळं लेखी घ्या. आणि बिलं टेबलावर कधी येतात ते नक्की विचारा, शो संपायच्या जरा आधी येतात बहुतेक, तेव्हा कार्ड काढणं, वेटरला हाका असं सगळं चालू असतं, तर तुमचं सगळ्यात हळू गाणं तिथे ठेवू नका, तिथे जोरदार काहीतरी टाका.