खाजन शेतीच्या उताऱ्याचे चार तुकडे

पाचवीच्या वर्गात एक मूल मोठ्याने वाचते, बाकीची एकोणीस ओळीवर बोट ठेवून बसतात. त्यात वाचन एकाचेच होते. जिगसॉ पद्धतीत हा प्रश्न सुटतो, कारण प्रत्येकाच्या हातातला मजकूर त्याच्या गटात दुसऱ्या कुणाकडेच नसतो. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातील शाळांसाठी ही पद्धत आखली.

उतारा खाजन शेतीवरचा, म्हणजे गोव्यात बांध घालून भरतीचे खारे पाणी अडवून केलेल्या शेतीवरचा घ्या आणि त्याचे चार तुकडे करा: बांध, मानस (बांधातली पाणी सोडण्या-अडवण्याची दार असलेली वाट), कोरगुट भात (खारटपणा सोसणारी भाताची जात), मासळी. प्रत्येक तुकडा साठ ते ऐंशी शब्दांचा, मोठ्या अक्षरांत. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘त्यामुळे ते आपोआप बंद होते’ अशी तुकड्याची सुरुवात असली की मूल पहिल्याच ओळीत अडते. ‘भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीचे दार बंद होते’ असे पूर्ण लिहून द्या.

वीस मुलांचे चौघांचे पाच गट करा. गट तुम्हीच ठरवा, मैत्रीवर सोडू नका. दोन मुले जास्त असतील तर त्यांना एकेका तुकड्यावर जोडीने बसवा.

पाच मिनिटे मनात वाचन. मग एकाच तुकड्याची पाचही मुले एकत्र बसतात, अडलेले शब्द सोडवतात आणि सांगायचे तीन मुद्दे ठरवतात. याला दहा मिनिटे. इथे मुले कोंकणीत बोलली तर अडवू नका. ‘कोळंबी’वर अडलेले मूल ‘सुंगटां’ म्हटल्याबरोबर पुढे जाते. मराठीत सांगायचे ते पुढच्या फेरीत. कच्चा वाचक ज्या गटात असेल तिथे या वेळी तुम्ही थांबा.

आता कागद जागेवरच ठेवून मुले मूळ गटात परततात. कागद सोबत नेला की सांगणे राहते आणि पुन्हा मोठ्याने वाचन सुरू होते. प्रत्येकाला तीन मिनिटे. इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे. हा नियम नसेल तर हुशार मूल सगळ्यांचे बोलणे स्वतःच उरकते.

शेवटची आठ मिनिटे लेखी: प्रत्येक तुकड्यावर एक प्रश्न आणि चारही तुकडे जोडणारा पाचवा. उदाहरणार्थ, मानशीचे दार मोडून खारे पाणी आत येत राहिले तर भाताचे आणि मासळीचे काय होईल? गुण ज्याचे त्याला द्या. गटाची सरासरी काढली की कच्च्या मुलावर राग निघतो. पाचही गटांत एकाच तुकड्याचा प्रश्न चुकला असेल तर मुलांना बोल लावू नका, तो तुकडा पुन्हा लिहा.