अद्भुतकथेतील पात्रांची नावे निवडताना

ऑनलाइन नाव-जनरेटर क्षणात ढीगभर नावे देतो. परंतु ती बहुधा अक्षरांच्या जुळवणीतून आलेली असल्याने एकाच राज्यातील दोन सख्खे भाऊ निरनिराळ्या मुलखांतले वाटू लागतात. म्हणून प्रमुख पात्रांसाठी एखाद्या काळातील नावांची छापील यादी, उदाहरणार्थ सातवाहनांची वंशावळ, समोर ठेवावी. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी या नावांत आईवरून ओळख सांगण्याची रीत दिसते, आणि तशीच एखादी रीत आपल्या काल्पनिक घराण्याला लावली की सर्व नावे एका कुळातली वाटतात. प्रसिद्ध राजाचे नाव मात्र जसेच्या तसे उचलू नये. पहारेकरी, सराईवाले अशा फुटकळ पात्रांसाठी जनरेटर खुशाल वापरावा, फक्त दोन महत्त्वाच्या पात्रांची आद्याक्षरे सारखी नाहीत ना, हे तपासावे.