मतदानाआधी उमेदवार चेक करताय? या चुका टाळा

निवडणूक लागली की ग्रुपवर पोस्टरं फिरायला लागतात, एकात उमेदवाराच्या नावापुढे लाल अक्षरात गुन्ह्यांचा आकडा आणि दुसऱ्यात तोच माणूस जनतेचा कैवारी. आणि मजा म्हणजे खरी माहिती सगळ्यांना फुकटात बघता येते, 2002-03 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं एफिडेविटमध्ये, म्हणजे शपथपत्रात, लिहून द्यावं लागतं. पण ते बघणारे लोकपण बऱ्याच ठिकाणी गंडतात, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, आपला मतदारसंघ नक्की कुठला ते बघा. हसू नका. पुण्यात सिंहगड रोडला राहणारे कितीतरी जण लोकसभेला पुण्याच्या उमेदवारांवर तावातावाने भांडत असतात आणि मत द्यायचं असतं बारामतीला, कारण खडकवासला विधानसभा बारामती लोकसभेत येते. पत्त्यावरून अंदाज नको, वोटर आयडीचा नंबर टाकून मतदार यादीतच बघा.

साइटवर नावच सापडत नाही?

लोकसभा-विधानसभेचे एफिडेविट केंद्रीय निवडणूक आयोगाच्या साइटवर असतात. महापालिका, झेडपी, नगरपालिका यांचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे, ते वेगळं ऑफिस आणि वेगळी साइट, त्यामुळे नगरसेवकाला तिकडे शोधा. स्पेलिंगचाही घोळ असतो, पूर्ण नाव टाकून नाही मिळालं तर मतदारसंघ निवडून अख्खी यादी काढा. मग उलटा प्रॉब्लेम येतो, एकाच माणसाचे तीन-चार अर्ज दिसतात. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरायची परवानगी आहे, एखादा छाननीत उडाला तर दुसरा राहावा म्हणून सगळे भरतात. शिवाय बायकोचा नाहीतर भावाचा डमी अर्ज असतो, तो नंतर मागे घेतात. म्हणून माघारीची तारीख गेल्यावर जे खरंच रिंगणात उरलेत त्यांचेच कागद वाचा, नाहीतर भलत्याच माणसाची प्रॉपर्टी बघून बसाल.

केसेस मोजू नका, वाचा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. आपल्याकडे जो माणूस वीस वर्षं रस्त्यावर आंदोलनं करतो त्याच्यावर रास्ता रोको, जमावबंदी, विनापरवानगी मोर्चा अशा डझनभर केसेस आरामात असतात, आणि दुसऱ्यावर एकच असते पण ती फसवणुकीची नाहीतर खुनाच्या प्रयत्नाची. आकडा बघितला तर पहिला गुंड आणि दुसरा सज्जन. म्हणून कलम बघा. त्यातपण आता एक भानगड आहे, 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस) आली आणि नंबर बदलले, जुन्या केसेस आयपीसीच्या नंबरने आणि नव्या बीएनएसच्या नंबरने लिहिलेल्या असतात. खून म्हणजे आधी 302 आता 103, खुनाचा प्रयत्न 307 चा 109 झाला, फसवणुकीच्या 420 चा 318, आणि सरकारी कर्मचाऱ्यावर हात उचलला की लागणारं 353 आता 132. एकाच एफिडेविटमध्ये दोन्ही दिसतात, गोंधळू नका.

पुढचा रकाना लोक वाचतच नाहीत, दोषारोप निश्चित झाले का. पोलिसात एफआयआर होणं वेगळं, कोर्टाने चार्ज फ्रेम करणं, म्हणजे दोषारोप निश्चित करणं, वेगळं आणि शिक्षा लागणं तर त्याहून वेगळं, शिक्षेचा तर भागच स्वतंत्र असतो. केस नंबर आणि कोर्टाचं नाव दिलेलं असतं, ते कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवर टाकलं की पुढची तारीख काय, केस कुठे अडकलीय ते बऱ्याचदा कळतं. माझ्या मते अर्धा तास द्यायचाच असेल तर इथे द्या, भाषणं ऐकण्यात घालवू नका.

मालमत्ता किती पटींनी वाढली ही हेडलाइन बघून लगेच उखडू नका. पाच वर्षांपूर्वीचं एफिडेविट शेजारी उघडा आणि बघा की नवीन काय घेतलं आणि जुन्याच जमिनीचा बाजारभाव किती वाढला, खरेदीची तारीख आणि किंमत दोन्ही दिलेलं असतं. वडिलोपार्जित आणि स्वतः घेतलेलं पण वेगळं लिहितात. हां, पण सज्ञान मुलगा उमेदवारावर अवलंबून नसेल तर त्याचं काहीच यात येत नाही, आता का ते तुम्हीच समजून घ्या. बाकी हे सगळं उमेदवाराने स्वतः लिहिलेलं असतं, हे विसरू नका.

कामाचं बघायचं तर खासदारांची हजेरी आणि प्रश्न पीआरएस या संसदेच्या कामाचा हिशोब ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर मिळतात. पण तिथे मंत्र्याचे प्रश्न शून्य दिसले म्हणून झोपा काढतो असं नाही, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. आणि गल्लीतल्या गटारावरून खासदाराला मार्क देऊ नका, ते महापालिकेचं काम आहे.

शेवटी नाव आणि चिन्ह. 2014 ला रायगडमध्ये सुनील तटकरे 2110 मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाला 9849 मतं पडली होती. 2024 ला दिंडोरीत भगरे आडनावाच्या एका अपक्षाला ट्रम्पेट चिन्ह मिळालं, मराठी यादीत त्या चिन्हाचं नाव तुतारी होतं, आणि खरी लढत देणाऱ्या भगरेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतली. म्हणून ठरवलेल्या उमेदवाराचा यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, मोबाइल केंद्रात नेता येत नाही, आणि बटण दाबायच्या आधी मशीनवरचा फोटो नीट बघा.